टेबलावर शहाणी, हातात वेडी

मी एक जुनी करवत आहे. पण मित्रांनो, भिंतीला टांगलेली मुकी करवत डोळ्यांसमोर आणू नका हं! माझ्या पोटात इंजिन आहे, बाजूला ओढायची दोरी आहे आणि पुढं काढलेल्या लांब जिभेभोवती दातांची साखळी फिरते. लोक मला चेनसॉ म्हणतात. माझा रंग एकेकाळी झगझगीत नारिंगी होता. आता जिथं कुणाचा हात लागत नाही, तिथं तेवढा उरलाय. आवाज मात्र अजून असा खणखणीत आहे, की मी तोंड उघडलं की गल्लीतली कुत्रीसुद्धा आपलं भांडण उद्यावर टाकतात.

मला दोन कामं यावी लागतात. पहिलं काम कापण्याचं. दुसरं काम म्हणजे, कापायचं नसेल तेव्हा इंजिन चालू ठेवून, साखळी थांबवून, हळू आवाजात 'फट् फट् फट्' करत उभं राहायचं. गॅरेजवाले याला 'स्लो' म्हणतात. ऐकायला किती सोपं, नाही का? नुसतं थांबायचं तर आहे! पण याच सोप्या कामानं माझी पार अब्रू घालवली होती. तीच गोष्ट आज सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पाठोपाठ त्याच पट्ट्यावरून माझी बहीण सरकत आली. दोघी एकाच दुकानात पोचलो आणि एकाच माणसानं दोघींना उचललं. तो होता झाडं छाटण्याची कामं घेणारा मुकादम. माणूस आडदांड, मिशा झुपकेदार, पण मनानं लोणी. घरी नेल्या नेल्या त्यानं ब्रश घेतला आणि माझ्या मुठीवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला, बहिणीच्या मुठीवर दोन. "आता भांडू नका," म्हणाला.

काय दिवस होते ते! वादळ झालं की पहाटेच बोलावणं यायचं. रस्त्यात आडवी पडलेली झाडं, छपरावर टेकलेल्या फांद्या, आणि दोन्ही बाजूंना अडकून पडलेली माणसं. मुकादम आम्हां दोघींना पाळीपाळीनं हातात घ्यायचा. रस्ता मोकळा झाला की लोक त्याला चहा आणून द्यायचे, आणि तो कपातला पहिला घोट घ्यायच्या आधी आमच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "शाब्बास गं पोरींनो!" त्या एका वाक्यावर आम्ही आठवडाभर खूश असायचो.

मग एक वाईट दिवस आला. आमच्यासारख्यांना पेट्रोलमध्ये थोडं ऑइल मिसळून द्यावं लागतं. ते नसेल तर पोटातला दट्ट्या घासून जागच्या जागी अडकतो. एका सकाळी घाईगर्दीत बहिणीच्या टाकीत नुसतंच पेट्रोल गेलं. ती थोडा वेळ धावली, किंचाळली आणि कायमची थांबली. मुकादमानं तिला भंगारात दिलं नाही. शेडमधल्या खिळ्याला टांगून ठेवलं. पुढं त्याचीही कंबर धरली, डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली आणि त्यानं मला जुन्या सामानाच्या दुकानात नेऊन सोडलं. जाताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही. मला वाटतं, पाहिलं असतं तर परत घेऊन गेला असता.

दुकानात माझ्या एका बाजूला झाकण हरवलेला मिक्सर होता, दुसऱ्या बाजूला काटे नसलेलं घड्याळ. एका कोळ्यानं माझ्या दांड्यापासून मिक्सरपर्यंत जाळं विणून संसार थाटला. येणारे-जाणारे मला उचलायचे, "बापरे, जड आहे!" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. मित्रांनो, जड तर मी आहेच. त्यात माझा काय दोष?

अशात एका गुरुवारी संध्याकाळी दुकानात बसकाकू आली.

बसकाकू शाळेची बस चालवते. खांदे भक्कम, हसणं मोठं, आणि आवाज असा की तिला हॉर्नची गरजच नाही. तिच्या माहेरी लाकडाची वखार होती, त्यामुळं करवतीची तिला भीती कसली ती नाही. तिनं कोळ्याला कागदावर घेऊन अलगद बाजूला ठेवलं, मला उचललं आणि म्हणाली, "हां! अशी हवी वजनदार."

ती मला का घेऊन गेली, ते ऐका. तिच्या बसच्या कोपऱ्यावरच्या थांब्यापाशी एक जुनं झाड होतं. त्याची मुळं जमिनीवर आली होती, आणि मुलांनी बसून बसून ती गुळगुळीत केली होती. त्या आठवड्यात वाऱ्यानं ते झाड उन्मळून पडलं. खोड कडेला सरकवलं गेलं आणि मुलं पाठीवर दप्तरं घेऊन रांगेत उभी राहू लागली. त्यांच्यातली सगळ्यांत छोटी, जिला सगळे टिकली म्हणतात, तिनं बसमध्ये चढता चढता विचारलं, "बसकाकू, आता आम्ही बसायचं कुठं?"

बसकाकूला काही तो प्रश्न स्वस्थ बसू देईना. ती पालिकेच्या साहेबाकडे गेली. साहेब म्हणाला, "सोमवारी सकाळी आमचा ट्रक येईल. खोडाचा भुसा करायचाय. त्याआधी तुम्ही जेवढं कापून बाजूला घ्याल तेवढं तुमचं. उरलेलं आमचं." झालं! काकूनं बसमध्ये जाहीर करून टाकलं, "सोमवारी तुम्ही सगळे त्याच झाडावर बसलेले असाल. काकूचा शब्द आहे!" मुलांनी इतका आरडाओरडा केला की बस हलली.

काकूच्या घरी तिचे यजमान होते. ते शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. अंगकाठी बारीक, गळ्यात टेप, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि मोठ्या आवाजाची अशी धास्ती की कुकरच्या शिट्टीलाही दचकतात. मला पाहून त्यांनी चष्मा वर सरकवला.

"अगं, हे काय आणलंस?"

"चेनसॉ."

"ते दिसतंय. घरात कशाला?"

"अहो, झोपायला नाही आणली. झाड कापायला आणलीय."

त्याच संध्याकाळी मला खोडापाशी नेलं. काकूनं बूट चढवले, चष्मा लावला, दोरी ओढली आणि मी गर्जले. अहाहा! इतक्या वर्षांनी ओल्या लाकडाचा वास! पहिला काप मी लोण्यातून गेल्यासारखा घेतला. काकू खुशीत ओरडली, "वा गं माझ्या वाघिणी!" तिनं मला कापातून वर उचललं, रेस सोडली, आणि मी एकदम भलतीच सुसाट धावले, मग घुसमटले, मग फुस्स.

तिनं परत दोरी ओढली. मी सुरू झाले, कापलं, उचलल्यावर पुन्हा फुस्स. प्रत्येक कापानंतर दोरी, आणि दोरी काही एका ओढीत ऐकत नाही. थोड्याच वेळात काकूचा खांदा भरून आला. असं कापत बसलो असतो तर पुढचा सोमवार उजाडला असता.

"तिला विश्रांती हवी असेल," मास्तर लांबून म्हणाले.

"अहो, इतकी वर्षं फळीवर विश्रांतीच तर घेत होती!"

शुक्रवारी आमची स्वारी गॅरेजमध्ये. तिथल्या मेकॅनिकला सगळे पक्कडभाऊ म्हणतात, कारण त्याच्या मागच्या खिशात कायम पक्कड असते, अगदी लग्नाच्या फोटोतसुद्धा. हुशार माणूस, हात सोन्याचे. एकदा चालू यंत्र हातात धरल्यामुळं त्याचा तळवा भाजला होता. तेव्हापासून त्यानं एक नियम केला होता आणि भिंतीवर तो रंगवूनही घेतला होता: 'यंत्र टेबलावर, हात खिशात.'

त्यानं मला रबराच्या चटईवर ठेवलं, कार्बुरेटर खोलून धुतला, जुनं शिळं पेट्रोल काढून ताजं भरलं, दोरी ओढली. आणि मित्रांनो, मी टेबलावर बसल्या बसल्या अशी सुरेख 'फट् फट् फट्' केली, की पक्कडभाऊनं मान डोलावली. "काकू, एकदम ओके!"

घरी आलो. काकूनं उचललं. फुस्स!

परत गॅरेज. त्यानं पेट्रोलची गाळणी बदलली. टेबलावर मी गुणाची बाहुली. परत खोडापाशी, फुस्स! परत गॅरेज. त्यानं प्लग बदलला. टेबलावर पुन्हा 'फट् फट् फट्'. डॉक्टरांच्या दारात पाय ठेवला की ताप उतरतो ना, तसं माझं झालं होतं. पक्कडभाऊ बिचारा डोकं खाजवत म्हणाला, "काकू, राग मानू नका, पण ही माझ्याकडे शहाणी असते आणि तुमच्याकडे वेडी. तुम्ही तिला काही बोलता का?"

"मी? मी तिला वाघीण म्हणते!"

मला मात्र एक गोष्ट जाणवत होती. कुणी दांड्याला धरून उचललं, की माझ्या गळ्यात कुठूनतरी गार वारा शिरायचा. टेबलावर ठेवलं की तो बंद. पण मला भाषा येते ती 'घुर्रर्र' आणि 'फुस्स'. सांगणार कशी? मी दर वेळी तेच सांगत होते आणि कुणाला ते कळत नव्हतं.

शनिवारी काकूचा धीर संपला. बस सिग्नलला बंद पडायला लागली की ड्रायव्हर लोक काय करतात? स्लो वाढवतात. तिनं तेच केलं. स्क्रूड्रायव्हर घेऊन माझा स्लोचा स्क्रू चांगला पिळला. आता मी उचलल्यावरही बंद पडेना. काकू आनंदली. पण त्यामुळं रेस सोडल्यावरसुद्धा माझी साखळी थांबत नव्हती, आपली गुपचूप फिरत राहायची. बसमध्ये स्लो वाढवला तर फार तर धूर जास्त येतो. माझं तसं नाही हो, माझ्या तोंडात दात आहेत!

बैठकीसाठी एक गोल ठोकळा कापून झाला. काकू मला हातात लोंबकळत धरून फांदी ओलांडायला गेली आणि माझी साखळी तिच्या मांडीला लागली. भर्रकन कापड फाटलं. नशीब थोर, कातडीला ओरखडाही आला नाही. पण मित्रांनो, त्या क्षणी मी स्वतःला इतकी घाबरले, की जागच्या जागी विझता आलं असतं तर विझले असते.

जवळच शिवत बसलेले मास्तर ओठांत सुई तशीच धरून धावत आले. कुकरला दचकणारा हा माणूस थेट माझ्यापर्यंत आला आणि त्यांनी स्वतःच्या हातानं माझं बटण बंद केलं. सुई काढली.

"बस झालं. नकोत त्या बैठका."

"अहो, काही लागलं नाही मला..."

"मुलं उभी राहतील. दोन पायांवर उभी राहतील, काही होत नाही. मला तू उभी हवीस."

काकू खोडावर बसली. एवढी मोठ्या आवाजाची बाई, पण हळूच म्हणाली, "टिकलीला काय सांगू मी?" मास्तर तिच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं दोघांनी मला पोत्यात घातलं. उद्या दुकानात परत. मिक्सर, घड्याळ आणि कोळी. पोत्यात अंधार होता आणि मला मुकादमाची फार आठवण आली.

संध्याकाळी मास्तर ती फाटलेली पँट शिवायला बसले. मी कोपऱ्यात पोत्यात. शिंप्याची एक रीत असते. फाटलं तेवढंच ते शिवत नाहीत. आजूबाजूचं कापड दोन्ही हातांनी ताणून बघतात, कारण उसवलेली शिवण कापड टेबलावर पसरून दिसत नाही, ताणली की तोंड उघडते. मास्तरांनी पँट ताणली. फाटलेल्या जागेपासून वीतभर लांब, जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथली शिवण फटकन उघडली. मास्तर सुई ओवता ओवता थांबले.

"अगं, ऐकलंस का? ही बया बंद कधी पडते?"

"उचलली की."

"आणि पक्कड तिला तपासतो कुठं?"

"टेबलावर. त्याचा नियमच आहे तो."

"मग ती कुठंतरी उसवलीय," मास्तर म्हणाले. "उसवलेलं टेबलावर दिसत नाही गं. ताणावं लागतं!"

काकू ताडकन उठली. मग तिनं पोतं उचललं आणि दोघं जवळजवळ पळतच निघाले. गळ्यातला टेप काढायचंही मास्तरांना सुचलं नाही. पक्कडभाऊ शटर ओढत होता. सगळं ऐकून तो हसला. "मास्तर, उद्यापासून मी बाह्या लावायला येतो तुमच्याकडे!" पण हसता हसता त्यानं अर्धं शटर वर ढकललं. माणूस दिलदार!

त्यानं माझं वरचं झाकण काढलं आणि मी बंद असताना मला दांड्याला धरून अधांतरी उचललं. मास्तरांनी दोन्ही हातांनी पुढचा भाग धरून खाली ओढला, पँट ताणली तसाच. कार्बुरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये माझ्या गळ्यात एक रबरी नळी आहे. तिच्या खालच्या अंगाला एक चीर होती. ताणल्याबरोबर तिनं आ वासला. खाली ठेवलं की मिटली. उचललं की आ!

"आयला!" पक्कडभाऊनं कपाळावर हात मारला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मग तो इतका आनंदला की त्यानं मास्तरांना मिठीच मारली आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ग्रीसचे दोन पंजे उमटले. "या नळीतून पेट्रोल मिसळलेली हवा आत जाते. चिरेतून नुसती हवा घुसते. जोरात पळताना इंजिनाला तेवढं चालून जातं. पण स्लोला ते घोट घोट पितं हो! त्यात फुकटची हवा आली की त्याला ठसका लागणारच. आणि आपण काय केलं? गाळणी बदलली, प्लग बदलला, स्क्रू पिळला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!" असं म्हणून त्यानं सगळ्यांत आधी तो पिळलेला स्क्रू मागं घेतला.

"मी शिवून देऊ का?" मास्तरांनी अगदी मनापासून विचारलं.

"मास्तर, टाका घातला तरी हवा शिरणार. चिकटवलं तर पेट्रोल ते खाऊन टाकणार. नवीनच रबर हवं. पण हे मॉडेल जुनं, मागवलं तर आठवडा जाईल."

काकूचा चेहरा पुन्हा उतरला. आठवडा कुणाकडे होता? मी मनातल्या मनात ओरडत होते, 'बहीण! माझी बहीण आहे!' आणि तेवढ्यात पक्कडभाऊनं माझी मूठ पुसली. पांढरा ठिपका दिसला.

"अरे, ही तर मुकादमाची! त्याच्याकडे हिची जोडीदारीण होती, दोन ठिपक्यांची."

रविवारी सकाळी आम्ही मुकादमाच्या दारात. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, कमरेला पट्टा होता. त्यानं मला पाहिलं आणि माझ्या ठिपक्यावर अंगठा फिरवला. "आलीस होय गं?" म्हणाला. काकूनं त्याला झाडाचं, थांब्याचं, टिकलीचं सगळं सांगितलं. तो शेडमध्ये गेला. खिळ्यावरून बहिणीला उतरवून त्यानं मांडीवर घेतलं.

"हिला कितीजण मागायला आले, एक स्क्रूसुद्धा दिला नाही कुणाला," तो म्हणाला. काकू म्हणाली, "राहू दे हो दादा, आम्ही समजू शकतो." त्यावर मुकादमानं मान हलवली. "नाही, नाही. बहिणीलाच द्यायचंय ना? घ्या."

बहिणीच्या गळ्यातलं रबर निघालं, अजून लुसलुशीत होतं. ते माझ्या गळ्यात बसलं. पक्कडभाऊनं दोरी ओढली, आणि भिंतीवरचा नियम मोडून मला उचललं. डावीकडे कलवलं, उजवीकडे कलवलं, नाक खाली केलं. फट् फट् फट् फट्!

"साखळी हलतेय का?" मास्तरांनी लांबून ओरडून विचारलं.

"नाही!"

"नक्की?"

"अहो, नक्की! जवळ येऊन बघा!"

आणि ते खरोखर जवळ आले, चष्मा पुसून वाकून बघितलं, आणि म्हणाले, "आवाज काही तितका वाईट नाही हिचा." मला तर लाजल्यासारखं झालं!

तो रविवार माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सुंदर दिवस. आमच्याबरोबर आलेला मुकादम खोडापाशी खुर्चीवर बसून 'जरा तिरपी धर', 'बूड टेकव' असं सांगत होता. काकू कापत होती. मास्तर प्रत्येक बैठक टेपनं मोजून खडूनं खुणा करत होते. बुटक्यांसाठी बुटकी, उंचांसाठी उंच, माप घेऊन कपडे शिवावेत तशी. पक्कडभाऊ धारदार कडा घासत होता, कुणाला कुसळ लागू नये म्हणून. दोन कापांच्या मध्ये मी काकूच्या हातात नुसती उभी असायची, फट् फट् फट् करत. त्या थांबण्याचं सुख काय सांगू! उन्हं उतरायच्या आत शेवटचा काप झाला. काकूनं मला मुकादमाच्या पायाशी ठेवलं. तो कमरेवर हात धरून वाकला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला,

"शाब्बास गं पोरींनो!"

पोरींनो म्हणाला तो. मी तर एकटीच होते तिथं. पण कुणी त्याला टोकलं नाही.

सोमवारी ट्रक आला तेव्हा त्याला डहाळ्या आणि पालापाचोळा तेवढा मिळाला. साहेब डोक्याला हात लावून हसला. मग मुलं आली. दप्तरं धाडधाड पडली, धक्काबुक्की झाली, 'ही माझी', 'नाही, ही माझी' झालं. बस आली तरी कुणी उठेना. शेवटी काकूला हॉर्न वाजवावा लागला, आयुष्यात पहिल्यांदाच. चढताना टिकलीनं विचारलं, "बसकाकू, सगळे बसले. पण चेनसॉ कुठं बसणार?"

म्हणून एक पातळसा गोल उरला होता, तो आता मास्तरांच्या दुकानात शिलाई मशीनशेजारी आहे. ती माझी बैठक. मास्तरांनी मला रेक्झिनचं कव्हर शिवलंय, त्याला एक खिसा आहे आणि त्यात ऑइलची छोटी बाटली. नुसतं पेट्रोल मला कुणी देणार नाही आता.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल तर त्याला ताजं पेट्रोल द्या, पुसून ठेवा, आणि मोठ्या माणसांशिवाय त्याला हात लावू नका. ते नीट चालेना तर लगेच स्क्रू पिळायला धावू नका. आणि यंत्राचं सोडा, तुमच्या वर्गात एखादं मूल असेल, बाकावर शहाणं आणि बाहेर गेलं की बिथरणारं. त्याला वेडं म्हणू नका. जरा जवळ घ्या आणि ते उसवलंय कुठं ते बघा. ते बिचारं कधीपासून तेच सांगत असेल.

कधी त्या थांब्यावरून गेलात तर बसा घटकाभर. आसपासच्या झाडांच्या फांद्या छाटायच्या दिवशी काकू मला तिथंच हातात धरून उभी असते. माझं फट् फट् फट् ऐकू येईल. नीट कान द्या. तो एकटीचा आवाज नाही.